बांधावरचं मडकं आणि डांगराचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनं काळं मडकं आहे. माझ्या जातभाईंना नुसतं पोट असतं, मला तोंडही आहे. दोन डोळे, एक नाक आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेले पांढरे दात. कान काढायचे तेवढे राहून गेले, तरी मला ऐकू फार छान येतं. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला एक भाजीचा मळा आहे. त्याच्या बांधावर, एका काठीच्या टोकावर माझं बिऱ्हाड. खाली एक फाटका सदरा लटकतो, तो माझा देह. लोक मला बुजगावणं म्हणतात. घाबरवणं हा माझा धंदा, पण स्वभावाने मी पक्का चौकस आहे. कुणी बांधावर येऊन बोलायला लागलं की माझं पाखरांवरचं लक्ष उडतं.

माझा जन्म १९९० च्या उन्हाळ्यातला. कुंभाराने गोदेकाठची माती मळली, चाकावर मला घडवलं आणि भट्टीत धूर कोंडून काळं केलं. बाजारात नवसाबाईंनी मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज चांगला हाय." माझं झालेलं ते पहिलं कौतुक. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

त्यांनी मला पाण्यासाठी आणलं नव्हतं. डांगराचं बी राखेत घोळवून ठेवायला आणलं होतं. डांगर म्हणजे शहरातले लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात, तो. नवसाबाई आणि त्यांचे मालक गोटीराम यांच्या मळ्यात मेथी, कोथिंबीर, वांगी, झेंडू असं सगळं होई, पण गोटीरामांचा जीव डांगरावर. सकाळी उठून आधी वेलाजवळ जात, पानं बाजूला करून फळाला थापटत आणि मग तोंड धुवायला येत. नवसाबाई म्हणत, "पोराला कधी असं थापटलं नाय." असे दोनतीन हंगाम मी त्यांचं बी पोटात सांभाळलं. मग एके दिवशी त्यांचा लग्नाला आलेला मुलगा ज्ञानेश धावत आला, त्याची लाथ बसली आणि माझ्या काठाचा टवका उडाला. आता हे टाकायचं, असं नवसाबाई म्हणाल्या. तेव्हा गोटीराम म्हणाले, "थांब. ह्याला तोंड काढतो."

त्यांनी चुना कालवला आणि बोटाने माझे डोळे काढले, नाक काढलं. दात काढत असताना नवसाबाई म्हणाल्या, "तुमच्यावरच गेलंय की हो!" तसे ते इतके हसले की बोट घसरलं आणि वरचा एक दात वाकडा झाला. तो त्यांनी पुसला नाही. असा मी वाकड्या दाताचा झालो आणि बांधावर उभा राहिलो.

मी पाखरांना किती घाबरवलं, ते विचारू नका. चिमण्या माझ्या बाहीत घरटं करू पाहत. आणि लहान मुलं मला बघून हसत, ती त्या दातामुळे. तेव्हा मळ्याला कुंपण नव्हतं. शाळेतून परतणारी मुलं बांधावरून जात, मला दात विचकून दाखवत आणि गोटीराम त्यांना हाक मारून काकडी, गाजर, कधी पेरू देत. देण्याची त्यांची एक रीत होती. एक वस्तू ते कधी कुणाला देत नसत. मुलाने एक हात पुढे केला की म्हणत, "दुसरा कुठंय? तो रुसंल ना!" आणि दोन्ही हातांवर एकेक ठेवत. स्वतःच्या जेवणातही तीच तऱ्हा. नवसाबाईंनी घारगे तळले की एक उजव्या हातात, एक डाव्या हातात घेऊन बांधावर फिरत खायचे.

वर्षातून एक दिवस मात्र मला खाली उतरवत. सर्वपित्री अमावास्येचा दिवस. भाद्रपद संपता संपता ही अमावास्या येते. घरातली जी माणसं वारली, त्या सगळ्यांच्या नावाने त्या दिवशी पान वाढतात. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी आणि डांगराची भाजी. ते पान कावळ्याला ठेवायचं. कावळा शिवला की पितर जेवले, मग घरातल्यांनी जेवायचं. आता तुम्हीच सांगा, ज्या दिवशी कावळा यायलाच हवा, त्या दिवशी माझं तिथे काय काम? नवसाबाई सकाळीच मला काठीवरून काढत आणि मोटरीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवत.

पान त्याच खोलीच्या पत्र्यावर ठेवलं जाई, बरोबर माझ्या डोक्यावर. मला दिसायचं काही नाही, ऐकू सगळं यायचं. आधी पत्र्यावर नख्यांची टकटक. मग थोडी शांतता. मग पान ओढल्याची सरसर आणि खाली गोटीरामांचा आवाज, "शिवला! वाढा आता!" मला दरवर्षी वाटे, काय असतं त्या पानावर? कोण येतं? कावळाच येतो, की त्याच्या आडून आणखी कुणी? मी भिंतीवरचे पोपडे बघत बसायचो. एखाद्याला जेवणाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसवावं, याचं मला वाईट वाटायचं. माझ्यासारख्याचं कोण ऐकतो!

२००४ च्या थंडीत गोटीराम गेले. अंगात ताप होता, तरी आदल्या दिवशी वेलापर्यंत जाऊन आले होते. त्यानंतर माझे दिवस पालटले. दर पावसाळ्यानंतर तेच मला चुन्याचं बोट फिरवून उजळ करत. आता ते करायला कुणी नव्हतं. पावसाने माझे डोळे धुतले गेले, दात विरले. शेजारच्या निवृत्तीने त्याची जमीन विकली, तिथे चार मजल्यांची सोसायटी उभी राहिली आणि मधे तारेचं कुंपण आलं. बांधावरची वाट बंद झाली. मुलं आता कुंपणापलीकडे सायकली फिरवत. माझ्याकडे कुणी पाहत नसे, आणि पाहिलं असतं तरी बिनतोंडाच्या मडक्यात बघण्यासारखं काय उरलं होतं?

मळ्यात तेव्हा दोघीच राहत. नवसाबाई आणि ज्ञानेशची मुलगी शुभांगी. ज्ञानेश आणि त्याची बायको दिंडोरीला एका द्राक्षबागेत कामाला होते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीत बाग सोडून येता येत नाही. शुभांगी सहावीत. शाळा इथली, म्हणून ती आजीपाशी. पोरगी माझ्यासारखीच चौकस होती. नवसाबाईंना ती दिवसभर "का?" विचारून भंडावून सोडी.

२००७ सालची सर्वपित्री आली आणि त्या एका "का?"वरून सगळं सुरू झालं.

या घरात सबंध डांगर बाईमाणसाने चिरायचं नाही, अशी चाल होती. पहिला घाव पुरुषाच्या हातचा. त्याने दोन फाकी केल्या की पुढचं बायकांनी करायचं. गोटीराम गेल्यावर निवृत्ती येऊन घाव घालून जाई. पण जमीन विकून तो मुलाकडे राहायला गेला होता. यंदा येतो म्हणाला होता, आला नाही. मी आपल्या ठरलेल्या जागी, भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो.

"आजी, मी चिरते ना," शुभांगी म्हणाली.

"तू नाय चिरायचं."

"का पण?"

"मला नाय ठाव. सासूबाईंनी सांगितलं, मी पाळलं."

"मग भाजी कशी होणार?"

"नाय झाली तर नाय झाली. बाकीचं हाय ना पानावर."

डांगर तसंच कोपऱ्यात राहिलं. पान पत्र्यावर गेलं, डांगराच्या भाजीविना. थोड्या वेळाने नख्या वाजल्या. मी कान टवकारले, म्हणजे असते तर टवकारले असते. टकटक. थांबली. पुन्हा टकटक. आणि पंखांचा फडफडाट. कावळा उडून गेला होता.

नवसाबाई वाट बघत राहिल्या. कावळा शिवत नसला की माणसं काय करतात, ते तुम्हाला माहीत असेल. गेलेल्या माणसाची एखादी इच्छा मागे राहिली असेल असं समजून एकेक गोष्ट कबूल करतात. त्याही करू लागल्या. "काय राहिलं तुमचं? सांगा तरी. ज्ञानेशला जपीन मी. मळा नाय विकणार, शबूद देते. पोरीला शिकवीन पुढं." दर वाक्यानंतर त्या थांबत. पत्र्यावर आवाज नाही. ऊन कललं. शेवटी शुभांगीने पान उतरवून गाईपुढे ठेवलं. नवसाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, नुसतं पाणी प्यायल्या. मला काठीवर चढवायला त्या दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "रुसलंय रे माणूस." हे त्या मलाच म्हणाल्या, दुसरं कोणी तिथे नव्हतं. मला रडता येत नाही, त्या दिवशी आलं असतं तर बरं झालं असतं.

ते डांगर मग पडवीत राहिलं. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक. भाजीला दुसरं नाही म्हणून शुभांगीने एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, "ते तुझ्या आजोबांच्या पानावर जायचं राहिलंय."

ऑक्टोबर संपत आला. संध्याकाळी दोघी माझ्या पायाशी बसून सकाळच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. शुभांगी घुसमटलेली दिसत होती. शेवटी एकदाचं तिने तोंड उघडलं. तिच्या वर्गाच्या साधना टीचर शेजारच्या सोसायटीतच राहत. त्या दोन वर्षं अमेरिकेत राहून आल्या होत्या. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी भुतांचा सण असतो आणि यंदा सोसायटीतली मुलं तो करणार होती. भुतांची सोंगं घेऊन दारोदार जायचं आणि खाऊ मागायचा.

"पण एक नियम आहे," शुभांगी म्हणाली. "ज्याच्या दारात कोरलेल्या डांगराचा दिवा असेल, त्याच दारात जायचं. डांगर आतून पोखरायचं, डोळे-तोंड कापायचं आणि आत दिवा ठेवायचा. आपल्या दारात दिवा असला तर सगळी मुलं आपल्याकडे येतील, आजी. इकडे, कुंपणाच्या आत."

वर्गातली ती मुलं शुभांगीशी शाळेत बोलत, पण मळ्यात कधी कुणी आलं नव्हतं. आपल्याकडे काय आहे बघायला, असं तिला वाटे. तिचा आवाज त्या शेवटच्या वाक्याला बारीक झाला, तो मी ऐकला.

"त्या डांगराचं नाव काढू नको," नवसाबाई म्हणाल्या. "आन् भुताखेतांची कसली थट्टा! पितरांचे दिवस आत्ता तर सरले."

"थट्टा नाही गं. टीचरांनी सगळं सांगितलं. तो पण पितरांचाच सण होता."

मेथीची जुडी बांधता बांधता नवसाबाईंचा हात थांबला. मी तर केव्हाच पाखरांना विसरलो होतो.

शुभांगी सांगू लागली. फार फार पूर्वी, दोन हजार वर्षांमागे, आयर्लंड नावाच्या देशात शेतकरीच राहत. ऑक्टोबर संपला की त्यांची सुगी संपे, गुरं डोंगरावरून घरी येत आणि लांबलचक थंडी, अंधार सुरू होई. त्यांची समजूत अशी की त्या रात्री मेलेली माणसं आणि जिवंत माणसं यांच्यामधलं दार उघडं राहतं. गेलेले लोक आपापल्या घरी येतात. पण त्यांच्याबरोबर वाईट भुतंही घुसतात. म्हणून लोक टेकड्यांवर मोठ्या शेकोट्या पेटवत आणि जनावरांची कातडी पांघरून सोंगं घेत, म्हणजे भुतांना वाटावं, हा आपल्यातलाच आहे. पुढे तिकडे ख्रिस्ती धर्म आला. त्यांनी एक नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस ठरवला आणि दोन नोव्हेंबर गेलेल्या माणसांचा. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, म्हणजे जुन्या इंग्रजीत 'हॅलोज ईव्हन', म्हणून सणाचं नाव पडलं हॅलोविन.

"आन् डांगर?" नवसाबाईंनी विचारलं. त्यांना तेवढंच महत्त्वाचं होतं.

"आयर्लंडमध्ये डांगर नव्हतंच. ते लोक सलगम कोरायचे, मुळ्यासारखा गोल कंद असतो तो. त्याला भयंकर तोंड काढायचं, आत निखारा ठेवायचा, म्हणजे वाईट भूत दारातूनच पळतं. मग तिथे बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, लोक बोटीत बसून अमेरिकेला गेले. तिथे त्यांना डांगर सापडलं. मोठं, आणि पोखरायला सोपं. टीचर म्हणाल्या, डांगर मूळचं अमेरिकेतलंच. तिथूनच ते जगभर गेलं, आपल्याकडेही."

"काय तरीच! माझ्या सासूबाईंच्या सासूचं बी हाय ते," नवसाबाई फणकारल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. इतकी वर्षं मी समजत होतो की तोंड काढलेला असा मी एकटाच. आणि तिकडे, समुद्रापलीकडे, माझे भाऊबंद होते! कुणी सलगम, कुणी डांगर, पण धंदा तोच. भयंकर तोंड करून दारात उभं राहायचं आणि वाईट असेल त्याला आत येऊ द्यायचं नाही. आणखी एक गोष्ट मनात आली. त्यांच्या पितरांच्या रात्री त्यांना कुणी भिंतीकडे तोंड करून ठेवत नव्हतं. उलट पोटात दिवा लावून दारात बसवत होतं.

नवसाबाईंना वेगळंच काही सुचलं होतं. "तिकडचे पितर येतात ते जेवतात काय?"

"आधी लोक त्यांच्यासाठी घरात पान वाढून ठेवायचे. पुढे गोडाच्या छोट्या भाकऱ्या करायचे. गरीब माणसं, लहान मुलं दारोदार जायची, त्या घरातल्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची आणि ती गोड भाकरी खायची. आताची मुलं खाऊ मागतात ना, ते त्यावरूनच आलं असेल, असं टीचर म्हणाल्या."

"कावळा नाय?"

"नाही. मुलंच."

"मुलांनी खाल्लं म्हंजे पोचलं?"

"तसंच समजत असतील."

नवसाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. जुड्या तशाच पडल्या. मग त्यांनी विचारलं, "तिकडं डांगर कोण चिरतं?"

"सगळेच. मुलं, मुली, आया."

"आन् बायांना काय होत नाय?"

"काय होणार, आजी?"

नवसाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी सगळं कबूल केलं गं त्यांना. मळा, ज्ञानेश, तुझी शाळा. एवढं एक नाय केलं. डांगर पुढ्यात होतं, तू चिरते म्हणत होतीस, आन् मी आडवलं. अर्धं पान वाढलं मी त्यांच्यापुढं." त्यांचे डोळे भरून आले. पदराने त्यांनी ते पुसले आणि एकदम उठल्या. "कोयता आण."

डांगर माझ्या समोर, बांधाच्या सपाट दगडावर आलं. चांगलं मोठं, धुरकट नारिंगी. नवसाबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, नमस्कार केला आणि कोयता शुभांगीच्या हातात दिला.

"तू त्यांचंच आडनाव लावतीस ना? मग मार घाव."

"आणि काही झालं तर?" आता पोरगी बिचकली होती.

"झालं तर माझ्यावर. मार."

पहिला घाव निसटला, दुसरा बसला. देठाकडून झाकणासारखी चकती निघाली. काहीही झालं नाही. बांधावरून एक सरडा पळाला, एवढंच. नवसाबाईंनी सोडलेला श्वास मला इथपर्यंत ऐकू आला.

मग त्या चमच्याने आतून खरवडू लागल्या. बी एका बाजूला, राखेत घोळवायला. गर एका पातेल्यात. "गर टाकायचा नाय. घारगे करते. येतील त्यांना काय देशील, नुसता दिवा?"

आता तोंड कसं काढायचं, हा प्रश्न आला. शुभांगीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर वर आली, माझ्यावर. तिने मला काठीवरून उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं. धूळ गेली तशा पुसट रेषा दिसल्या. डोळे सापडले, नाक सापडलं, दातांची नुसती सुरुवात सापडली.

"इथे काय होतं, आजी? दात सरळ होते?"

नवसाबाईंनी मला मांडीवर घेतलं. त्यांना बघावं लागलं नाही. त्यांचं बोट आपोआप त्या जागी गेलं. "हा वाकडा होता. मी हसवलं म्हणून." आणि त्यांनी चुन्याच्या डबीतून बोट भरून तो दात काढला, अगदी गोटीरामांनी काढला होता तसाच. मग बाकीचे दात, मग डोळे. तीन पावसाळ्यांनंतर मला पुन्हा तोंड आलं. शुभांगीने माझ्याकडे बघत बघत सुरीने डांगराचं तोंड कापलं. वाकड्या दातासकट.

दुसऱ्या दिवशी, सणाच्या संध्याकाळी, मळ्याच्या फाटकापाशी दगडावर डांगर बसलं, पोटात पणती घेऊन, आणि त्याच्या शेजारी माझी काठी रोवली. उजेड त्याच्या डोळ्यांतून बाहेर येई आणि माझ्या दातांवर पडे. भाऊच की हो, असं मी मनात म्हटलं. आतून घारग्यांचा वास येत होता. शुभांगी फाटकाशी उभी राहून कुंपणापलीकडे बघत होती. सोसायटीच्या जिन्यांवर दंगा चालला होता. पहिला मजला झाला, दुसरा झाला. मुलं इकडे वळेनात. शुभांगी पायाने माती उकरू लागली.

आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, तिकडे बघा! दोन आहेत!"

आली की सगळी धावत! कुणी चादर पांघरलेलं, कुणी तोंडाला पावडर फासलेलं, कुणी कोळशाच्या मिशा काढलेलं. "खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू!" असा एकच कल्ला. नवसाबाई परात घेऊन बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून एकेकाला न्याहाळू लागल्या.

"तू कोण गं?"

"मी हडळ!"

"मग पाय उलटे कर की. असली कसली सरळ पायांची हडळ!"

"मी वेताळ," दुसरा म्हणाला.

"वेताळाला चष्मा कवा लागला?"

मुलं हसून हसून लोळायला आली. माझा दात दाखवून हसली, डांगराचा दात दाखवून हसली. बांधावर असं हसणं मी किती वर्षांनी ऐकलं! शुभांगी सगळ्यांना वेल दाखवत होती, झेंडू दाखवत होती आणि तिचा आवाज अजिबात बारीक नव्हता. साधना टीचर मागे उभ्या राहून घारग्याचा तुकडा मोडत विचारत होत्या, यात गूळ किती घालता?

सगळ्यांनी खाल्लं. एक मात्र मागेच राहिला होता. टीचरांचा धाकटा, रुद्र. त्याला काळ्या प्लास्टिकच्या पिशवीचे पंख लावले होते आणि पुठ्ठ्याचं टोकदार नाक. तो फाटकाच्या कडेला उभा राहून मान तिरकी करून परातीकडे बघत होता. एक पाऊल पुढे आला, थांबला. परत मागे गेला. त्याच्या पंखांची सळसळ झाली आणि परातीवरचा नवसाबाईंचा हात तिथेच राहिला. मला पत्र्यावरची ती टकटक आठवली. त्यांना काय आठवलं असेल, ते सांगायला नको.

त्या खाली बसल्या. घारगा पुढे धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "ये बाबा. काय राहिलं तुझं? सांग तरी."

रुद्रने मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. मग पंखांखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि पुढे पसरले.

"मला दोन पाहिजेत. या हातात एक आणि या हातात एक."

नवसाबाईंनी एक हात जमिनीला टेकवला. शुभांगी धावत आली, तिला वाटलं, आजीला काही झालं. नवसाबाईंनी तिला हाताने थांबवलं, परातीतला दुसरा घारगा उचलला आणि दोन्ही हातांवर एकेक ठेवला. रुद्रने उजव्या हातातल्याचा लचका तोडला, मग डाव्या. त्याचे गाल फुगले. नवसाबाईंनी हात जोडले.

"शिवला गं," त्या म्हणाल्या. "शिवला कावळा."

"मी कावळा नाहीये," रुद्र तोंडातल्या घासासकट म्हणाला. "मी वटवाघूळ आहे."

"असू दे, बाबा. खा."

मुलं गेल्यावर नवसाबाई माझ्या पायाशीच जेवायला बसल्या. ताटात दोन घारगे होते. त्या रडत होत्या आणि खात होत्या, आणि शुभांगी त्यांना टेकून बसली होती. पणती विझेपर्यंत दोघी उठल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा सर्वपित्री आली. आदल्या हंगामाच्या त्याच बियांचं नवं डांगर आलं होतं आणि शुभांगीने सकाळीच कोयता मागून घेतला. ज्ञानेश त्या दिवशी घरी होता, तरी त्याने तो मागितला नाही. मला उतरवायला नवसाबाई आल्या, काठीला हात लावला आणि थबकल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तो काय परका हाय? बघू दे त्यालाबी."

असं मी ते पान पहिल्यांदा पाहिलं. खीर होती, वडे होते, डांगराची भाजी होती आणि कडेला दोन घारगे. कावळा आला तो आधी माझ्याच डोक्यावर उतरला. नख्या गार लागल्या. तिथून त्याने मान तिरकी करून पत्र्याकडे पाहिलं, झेप घेतली, एक घारगा चोचीत धरून उडाला आणि लगेच दुसऱ्यासाठी परत आला.

मित्रांनो, त्याच्या आडून आणखी कोण आलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. माझी चौकशी चालूच आहे. तुम्हाला मात्र माझं मागणं आहे. तुमच्या घरी, रानात माझ्यासारखं कुणी पुसट झालं असेल, तर त्याच्यावर चुन्याचं एक बोट फिरवा. डांगर कोराल तेव्हा गर टाकू नका. सणाच्या दिवशी कुणाला भिंतीकडे तोंड करून बसवू नका. आणि दारात कुणीही येवो, कावळा, वटवाघूळ, नाहीतर सरळ पायांची हडळ, त्याला विचारा, दुसरा हात कुठंय? तो रुसेल ना.